नजर मोकळी करणारं भांडं

चार कप चहाला गॅसवर साधारण दहा मिनिटं लागतात. पाणी ठेवायचं, अद्रक ठेचून टाकायचं, साखर आणि चायपत्ती घालायची, पाण्याला रंग चढला की दूध ओतायचं, उकळी येऊ द्यायची, गाळायचं. यातलं एकही काम जड नाही. तरीही अमरावती-अकोल्याकडच्या घरांत दुपारी जी बाई चहा ठेवते, ती दूध घातल्यापासून गंजाजवळून, म्हणजे पातेल्याजवळून, हलू शकत नाही. दार वाजलं, फोन आला, अंगणातल्या वाळवणात गाय शिरली, तरी डोळे गंजाच्या काठाला बांधलेले. तेवढ्यात नजर हटलीच तर चहा ओसंडतो, बर्नर विझतो, गॅस तसाच वाहत राहतो आणि ओटा पुसण्याचं काम पदरात पडतं ते वेगळंच. चहा सोपा करणाऱ्या उपकरणाने सगळ्यात आधी ही नजर मोकळी केली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. किती पत्ती घालायची, अद्रक किती ठेचायचं, रंग कुठवर येऊ द्यायचा, हे हाताकडे आणि डोळ्यांकडे राहिलं तर कोणाचंही बिघडत नाही. आजवरची बहुतेक चहायंत्रं मात्र या निवडी माणसाकडून काढून घेतात, आणि त्या बदल्यात मिळणारा चहा कोणालाच पूर्ण आपला वाटत नाही.

दूध उतू का जातं हे नीट पाहिलं तर उपकरण कुठे हवं ते आपोआप कळतं. पाणी उकळताना वाफेचे बुडबुडे वर येतात, फुटतात, संपतात. दुधातली प्रथिनं मात्र प्रत्येक बुडबुड्याभोवती चिवट पापुद्रा धरतात. बुडबुडा फुटत नाही, त्याच्या डोक्यावर दुसरा चढतो, वर धरत आलेली साय वाफेला आणखी अडवते आणि फेसाचा थर उंचावू लागतो. एकदा तो चढायला लागला की काठ गाठायला काही सेकंद पुरतात. त्यात दूध रोज एकसारखं नसतं. आपल्या भागातली मूळची म्हैस म्हणजे नागपुरी. अचलपूरच्या जुन्या नावावरून तिला एलिचपुरीही म्हणतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सातेक टक्के, गाईच्या दुधात चारच्या आसपास आणि पिशवीतल्या टोन्ड दुधात तीन. एकाच घरात सकाळी गवळ्याचं म्हशीचं दूध असतं आणि संध्याकाळी अचानक पाहुणे आले की दुकानातली पिशवी फोडली जाते. म्हणजे दूध बदलतं, प्रमाण बदलतं, आच बदलते, आणि फेस नेमका कोणत्या क्षणी चढेल हे घड्याळ लावून सांगता येत नाही. ठरावीक मिनिटांनी बंद होणारं यंत्र इथे एक दिवस चहा कच्चा ठेवील आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर सांडील.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चहा ही आपली परंपरा आहे, तिला यंत्राचा हात लावूच नये. परंपरेबद्दल मला आदर आहे, पण या परंपरेचं वय फार नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली. अकोला आणि बडनेरा या वाटेवर. ती आली वऱ्हाडच्या कापसासाठी; चहा तिच्या स्टेशनांवर नंतर आला. चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा १९०३ मध्ये झाला आणि त्या पैशातून पुढची काही दशकं देशभर चहाचा प्रचार झाला: स्टेशनांवर, गिरण्यांमध्ये, बाजारात फुकट कप आणि कृतीची पत्रकं. त्या पत्रकांतली कृती होती किटली गरम करण्याची, पत्तीवर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं मुरू देण्याची आणि दूध वेगळं घालण्याची. आपल्या घरांनी ती कृती बाजूला ठेवली आणि सगळं एकत्र उकळायला सुरुवात केली. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडून, फाडून, गोळी वळवणारं सीटीसी यंत्र बनवलं. स्वातंत्र्यानंतर ती दाणेदार, स्वस्त, लवकर रंग सोडणारी पत्ती खेड्यापाड्यांत पोचली तेव्हा आजचा कडक, दुधाळ चहा खऱ्या अर्थाने घडला. दोन-तीन पिढ्यांची ही गोष्ट. ती घडलीच मुळी एका यंत्रामुळे आणि घरच्या बायकांनी छापील कृती नाकारल्यामुळे. म्हणून नवं भांडं आल्याने ती बाटेल अशी भीती मला वाटत नाही.

जपण्यासारखं काही असेल तर तो क्रम आहे. अद्रक आधी पाण्यात का उकळतात? ताज्या अद्रकात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. कोमट दुधात ते पडलं तर दूध फाटतं. आधी खळखळत्या पाण्यात उकळलं की त्याचं काम संपतं. चीनमध्ये याच गुणाचा उपयोग करून अद्रकाच्या रसाने दूध मुद्दाम थिजवतात आणि गोड पदार्थ म्हणून खातात. गुळाचा चहा करताना गॅस बंद केल्यावर गूळ घालायचा, कारण गुळातला आम्लांश आणि क्षार उकळत्या दुधाला फाडतात. पत्ती दुधाआधी घालायची, कारण दुधात ती तितक्या मोकळेपणाने उतरत नाही. आणि पत्ती इतकी उकळूनही चहा कडवट का होत नाही, तर दुधातलं केसिन तिच्यातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. हे सगळं प्रयोगशाळेशिवाय, नासलेल्या दुधाच्या किमतीवर शिकलेलं शहाणपण आहे. चहा कसा करावा याचा एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, मूळ १९८० सालचं. चव तपासणाऱ्यांसाठी केलेला तो दस्तऐवज शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं मुरवणं सांगतो. उकळलेल्या चहाला त्यात जागा नाही. आपल्या पद्धतीचं ज्ञान कुठल्याही मानकात नाही, ते हातांत आहे, आणि उपकरण करणाऱ्याने ते हातांकडूनच घ्यायला हवं.

चहा आपोआप करण्याची हौस जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रँक क्लार्क या बंदूक-कारागिराने १९०२ मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. गजराच्या घड्याळाने काडी पेटायची, स्पिरिटचा दिवा लागायचा, पाणी उकळलं की किटली कलंडायची आणि गजर वाजायचा. पुढे तीसच्या दशकात विजेवरची टीसमेड तिथल्या घरांत गेली. ती तिथे चालली, कारण त्या चहात उकळायचं ते पाणीच. पाणी उतू जात नाही, नासत नाही, आणि दूध ज्याचं तो कपात घालतो. आपल्याकडे कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत जी यंत्रं दिसतात त्यांनी प्रश्नच टाळला: दुधाची पूड, साखर आणि चहाचा अर्क यांचं मिश्रण गरम पाण्यात ढवळून देतात. तिथे रांग असते, वेळ कमी असतो, आणि ती सोय मी नाकारत नाही. पण घरात एकाला फिका लागतो, एकाला साखर दोन चमचे, आजोबांना बिनदुधाचा आणि सासुरवाशिणीला अद्रक जास्त. साखर आधीच मिसळलेल्या मिश्रणाला यातलं काही जमत नाही. मधुमेह घरोघरी असताना हा दोष लहान नव्हे.

वऱ्हाडात याहून मोठी परीक्षा पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांत कितीतरी गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. धरणाचं गोड पाणी नळाने येतं तेव्हा ते भरून ठेवतात, आणि नळ लांबला की मिळेल ते पाणी वापरतात. असं पाणी तापलं की क्षारांचा पांढरा थर धरतो. कठीण पाण्याच्या चहावर एक तपकिरी तवंगही येतो. ज्या यंत्राच्या पोटात बारीक नळ्या, झडपा आणि झाकलेली तापतार आहे ते इथे काही महिन्यांत कोंडतं, आणि हात आत जात नसल्याने घासताही येत नाही. उघड्या भांड्याला लिंबाची फोड आणि घासणी पुरते. उंचीचाही मुद्दा आहे. अकोल्यात पाणी जवळजवळ ९९ अंशांना उकळतं, तर अकराशे मीटरवरच्या चिखलदऱ्यात ९६च्या आसपास. ९९ अंशांवर बंद होण्याची कळ बसवलेलं यंत्र चिखलदऱ्यात बंदच होणार नाही. एकाच अमरावती जिल्ह्यात मैदान आणि मेळघाटचे डोंगर दोन्ही असताना आकड्यावर चालणाऱ्या उपकरणापेक्षा फेसावर चालणारं उपकरण जास्त भरवशाचं, कारण फेस उंची आणि दूध दोन्ही आपोआप हिशेबात धरतो.

स्वयंपाकघरात कोणती उपकरणं टिकली याचा आपल्याजवळ चांगला पुरावा आहे. मुंबईत सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याच्या घरचा परदेशी बनावटीचा मिक्सर वाटणाच्या भाराने जळाला आणि तो दुरुस्त करून मिळेना. त्यातून १९६३ मध्ये सुमीत मिक्सर निघाला. ओलं-सुकं वाटण सोसणारी मोटर, स्टीलचं भांडं आणि दुरुस्तीची शक्यता ही त्याची ताकद. मसाल्याचं प्रमाण त्याने कधी ठरवलं नाही. पाट्यावर जी ताकद खर्च होत होती तेवढी उचलली. दुसरं उदाहरण अकोल्याचंच. १९६९ साली स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यासाठी लहान डाळ गिरणी तयार केली, पीकेव्ही मिनी दाल मिल म्हणून ती ओळखली जाते. कपाशीच्या ओळींमध्ये तूर पिकवणाऱ्या या प्रदेशात डाळ करणं म्हणजे जात्यावरचा घाम किंवा शहरातल्या गिरणीची वाट. या यंत्राने खरखरीत रुळावर तुरीचं टरफल काढण्याचं अवघड काम घेतलं. तेलपाणी लावणं आणि उन्हात वाळवणं बायकांच्या हाती राहिलं, म्हणून बचत गटांना ते आपलं करता आलं. दोन्ही यंत्रांच्या कर्त्यांनी आधी त्रास नेमका कुठे आहे ते शोधलं. चहाच्या बाबतीत हा शोध बहुतेकांनी घेतलाच नाही, असं मला दिसतं.

सगळ्यात जवळचं नातं मात्र दुहेरी भिंतीच्या मिल्क कुकरशी. भिंतीच्या पोकळीत पाणी घालायचं, शिट्टी बसवायची, पाणी उकळलं की शिट्टी होते. आच पाण्यामार्फत पोचत असल्याने दूध उकळीच्या जरा खालीच राहतं आणि उतू जात नाही. ऐंशीच्या दशकात मराठी घरांत हे भांडं मोठ्या संख्येने आलं, आणि बाईला पहिल्यांदा दूध तापत ठेवून दुसऱ्या खोलीत जाता आलं. चहाला ते का चालत नाही? एक तर त्यात खळखळती उकळी येत नाही, आणि आपल्या चहाला ती लागते. दुसरं, तापायला वेळ फार. तिसरं कारण खारपाणाचं: त्या पोकळीत धरलेला थर काढायला वाटच नसते. तरी त्यातली मूळ कल्पना सोन्यासारखी आहे. भांडं स्वतःच आवाज देतं, मग डोळ्यांनी पहारा का करावा?

मला जे भांडं डोळ्यांपुढे दिसतं ते म्हणून साधं आहे. सव्वा लिटरचं स्टीलचं, जाड बुडाचं, रुंदीपेक्षा उंच. वऱ्हाडी गंजाचाच घाट. आतल्या बाजूला दोन, चार आणि सहा कपांच्या रेघा, पाण्याची वेगळी आणि दुधाची वेगळी. लांब मुठीबरोबर समोरच्या बाजूला छोटा कान, म्हणजे कापऱ्या हातालाही दोन्ही हातांनी धरून ओतता येईल आणि सांडशी लागणार नाही. चोचीला काढता येणारी जाळी. आणि मुख्य गोष्ट झाकण: पसरट वाटीसारखं खोलगट, मधोमध बोटभर रुंद भोक असलेलं. दूध घातल्यावर ते ठेवायचं. फेस चढला की भोकातून वरच्या वाटीत येतो, तिथे पसरतो, थंड हवेने फुटतो आणि परत खाली उतरतो. वाटीत आलेल्या फेसावरून रंगही दिसतो. भोकावर एक हलकी स्टीलची चकती, वाफेने उचलली की टकटक वाजणारी. बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतका आवाज. दुधासाठी अशा चकत्या भांड्याच्या तळाशी ठेवतात, पण चहात तळाशी पत्ती अडकून बसते, म्हणून ती वर हवी. मोठ्या आचेवर असं झाकण अर्धा तास तग धरणार नाही. ते दोन-चार मिनिटं मिळवून देतं, आणि गरज तेवढ्याचीच आहे.

गॅस वाचतो असं पेटीवर छापायचा मोह होईल, म्हणून हिशेब करून पाहावा. सहाशे मिलिलिटर पाणी-दूध तीस अंशांवरून उकळीला आणायला सुमारे १७० किलोज्यूल उष्णता लागते. पुढे उकळताना त्यातलं शंभर मिलिलिटर वाफ होऊन गेलं तर सव्वादोनशे किलोज्यूल गेले, म्हणजे तापवण्यापेक्षा जास्त. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर पहिल्याला साडेपाच ग्रॅम गॅस, दुसऱ्याला सात ग्रॅमांहून थोडा अधिक. झाकणामुळे आच कमी ठेवता आली आणि वाफ निम्म्यावर आली तरी दिवसातून दोनदा चहा करणाऱ्या घरात महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास बचत होईल. १४.२ किलोच्या सिलिंडरपुढे ती किरकोळ आहे. शिवाय आटण्याने येणारा दाटपणा ज्यांना आवडतो ते झाकण काढून आटवतीलच, आणि त्यांना तसं करता आलं पाहिजे.

मग कोणी विचारील, विजेवरच्या भांड्यात फेसाला स्पर्श होताच प्रवाह तोडणारी कांडी बसवता येते, सोयाबीनचं दूध काढणाऱ्या यंत्रांत ती असतेच, तर इतका खटाटोप कशाला? हा आक्षेप खरा आहे. अमरावतीच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धाला, ज्याला चालू गॅस विसरण्याची भीती आहे, तेच उपकरण योग्य, आणि ते स्वस्तात व्हावं. पण अकोला जिल्ह्यात पारसचं वीज केंद्र असूनही इथल्या खेड्यांनी भारनियमनाची लांब वर्षं काढली आहेत. दिवसाच्या ठरलेल्या चहासाठी विजेची वाट पाहायला कोणी तयार होणार नाही. गॅस, चूल आणि विजेची शेगडी तिन्हींवर बसणारं भांडं आधी हवं. कांडीचं यंत्र त्याच्या सोबतीला येऊ द्या.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. चहा बाईच्याच वाट्याला का? तो प्रश्न भांड्याने सुटेल का? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. ती पाहणी अर्ध्या तासाच्या खणांत दिवस मांडते, त्यामुळे गंजाजवळच्या चार मिनिटांचा पहारा तिच्यात स्वतंत्र दिसतच नाही. भांडं ही दरी बुजवणार नाही, आणि बुजवील असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ते एवढंच करू शकतं की 'मला चहा जमत नाही' ही सबब कमकुवत होईल. रेघेपर्यंत पाणी, रेघेपर्यंत दूध, टकटक झाली की गॅस बंद: यात न जमण्यासारखं काही उरत नाही. कष्टांची वाटणी न्यायाने व्हावी यासाठी घरात बोलावंच लागेल, पण ते बोलणं होईपर्यंत चांगलं भांडं अडवून ठेवणंही बाईवर अन्याय करणारं आहे.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याचं राम मेघे महाविद्यालय, अकोल्याचं कृषी विद्यापीठ, अशा ठिकाणी दरवर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. हा त्यांनी घ्यावा, पण चाचणी प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यावर करू नये. दर्यापूरच्या विहिरीचं पाणी, अचलपूरकडच्या म्हशीचं दूध, चिखलदऱ्याची उंची आणि मेळघाटातली लाकडाची चूल यांवर भांडं ठेवावं. ज्यांनी कधी चहा केला नाही अशांच्या हाती ते द्यावं, आणि ज्या रोज करतात त्यांना त्यातल्या खोडी काढू द्याव्यात. सर्वांत कठीण ठरेल ती चोचीची जाळी. पत्र्याला पाडलेल्या भोकांतून बारीक भुकटीची पत्ती निसटते; विणलेली बारीक जाळी ती धरते, पण अद्रकाचे तंतू तिच्यात अडकून ओतणं मंदावतं आणि चहा काठावरून ओघळतो. दोन जाळ्या द्याव्यात की एकच मधल्या विणीची, हे वर्षभर रोज घासून, आपटून आणि खाऱ्या पाण्यात भिजवून पाहिल्याशिवाय ठरणार नाही.